पोलिसांनी फलकवाल्याला सोडून पोराला का धरलं?

सहकारनगरची आजी

नमस्कार मंडळी. इथलं रोज वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. एका बोटाने टाइप करते, तेव्हा शुद्धलेखनावरून टोमणे नकोत.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे मिशिगनला साडेचार महिने राहून आलो. जावई मोटारींच्या कंपनीत, घर डेट्रॉइटपासून अर्ध्या तासावर. लेकीला एक खोड लागली आहे. शुक्रवारी घरून काम असलं की दुपारी पंचवीस मिनिटं गाडी हाणत डिअरबॉर्नला जायचं. कशाला, तर तिथल्या लेबनीज बेकरीतला गरम पाव आणायला. त्यावर तीळ आणि ओव्याच्या वासाचा कसलासा हिरवा मसाला असतो. पाव चांगला असतो हे मान्य, पण त्यासाठी एवढं पेट्रोल जाळावं का, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

डिअरबॉर्न हे फोर्डचं गाव, कंपनीचं मुख्यालयच तिथे. वस्ती लाखभर, त्यातली निम्म्याहून जास्त अरब मुळाची. दुकानांच्या पाट्या अरबीत, सोनाराच्या दुकानात आपल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी. फोर्ड रोड म्हणून एक मोठा रस्ता आहे, त्यावर भली थोरली मशीद आणि तिच्या शेजारी ओळीने चर्चं. आमचे हे म्हणाले, "हा तर आपला कॅम्पच की गं, फक्त कयानी बेकरी नाही."

तर एका शुक्रवारी बेकरीमागच्या गल्लीतून गाडी काढत होतो. तिथे एक छोटी मशीद आहे, आधी बहुधा दुकान असावं. बाहेर फुटपाथवर पन्नाशीचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, हातात दांडीवर लावलेला फलक. एका बाजूला 'येशू तारतो' अशा अर्थाचं. दुसऱ्या बाजूला पैगंबरांबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. पायाशी चाकांची बॅग, बॅगेवर स्पीकर, आणि कानाला माईक लावून त्याचं अखंड चालू. दोन पोलीस दहा पावलांवर उभे. एकाच्या हातात कॉफी.

नमाज सुटली. माणसं बाहेर आली. बहुतेकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आपण कर्वे रोडवर पत्रकं वाटणाऱ्याकडे बघत नाही तसं. दोघंतिघं मोबाइलवर शूटिंग करत उभे राहिले. तेवढ्यात पंधरा-सोळा वर्षांचं एक पोरगं, फुटबॉलची जर्सी घातलेलं, धावत आलं आणि त्याने फलक हिसकला. दांडी कडकन मोडली. कॉफीवाल्या पोलिसाने कॉफी गाडीच्या टपावर ठेवली (हे मी नीट पाहिलं, सांडू नये म्हणून जपून ठेवली), दोन ढांगांत पोराला गाठलं, हात मागे धरले आणि फुटपाथच्या कडेला बसवलं. फलकवाल्याने मोडकी दांडी उचलली, पुन्हा उंच धरली आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू.

आमच्या ह्यांचा पारा चढला. "चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि स्पीकर केवढ्याने लावलाय बघ." लेक म्हणाली, "बाबा, काच वर करा आणि इथून चला."

आता दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्याच इमारतीतल्या एका मुलाने रात्री व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं, दुसऱ्या धर्माबद्दल काहीतरी पोरकट. तासाभरात चौकीसमोर तीस-चाळीस जण जमले. पोलीस आले आणि ह्या मुलाला घेऊन गेले. बाप रात्री दोनपर्यंत हात जोडून उभा. माफीनामा लिहून घेतला, फोन जप्त, समज देऊन सोडलं. पाच दिवसांनी त्याची सीईटी होती. त्या रात्री मी म्हणाले होते की पोलिसांनी शहाणपणा केला, एक काच फुटली नाही.

इथे बोलणाऱ्याला उचललं, तिथे ऐकणाऱ्याला. मला दोन्ही वेळा त्या पोरांचीच दया आली. पण बरोबर काय? तिथला कायदा नेमका आहे तरी कसा? आणि मुसलमानांनाही तो तसाच लागू होतो, की फलक येशूचा असला तरच? जाणकारांनी सांगा. 'त्यांच्यात असंच असतं' हे वाक्य कोणीही लिहायचं नाही.

---

तारीख पे तारीख

काकू, वकील आहे, शिवाजीनगरला. अमेरिकेत वकिली केलेली नाही, पण एलएलएमला हाच विषय होता, तेव्हा थोडं लांबण लावतो.

तुमच्या दृश्यातला साधा भाग आधी. पोराने दुसऱ्याची वस्तू हिसकली आणि मोडली. ते कुठेही गुन्ह्यात बसतं, पुण्यातसुद्धा. फरक फलकवाल्यापाशी आहे.

१९३८ सालची गोष्ट. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात कॅसियस स्ट्रीट नावाची गल्ली, वस्ती जवळजवळ सगळी कॅथलिक. तिथे यहोवाज विटनेसेस पंथाचा कँटवेल नावाचा माणूस आणि त्याची दोन पोरं ग्रामोफोन घेऊन दारोदार हिंडत होती. त्यातल्या जेसी नावाच्या मुलाने रस्त्यावर दोघांना थांबवलं, रेकॉर्ड ऐकवू का विचारलं, ते हो म्हणाले. रेकॉर्डमध्ये काय, तर कॅथलिक चर्चला मोजून शिव्या. दोघंही निघाले कॅथलिक! म्हणाले, चालता हो नाहीतर ठोकतो. तो चालता झाला. हाणामारी नाही, काही नाही. तरी तिघांवर खटला आणि शिक्षा. १९४० साली सुप्रीम कोर्टाने ती एकमताने रद्द केली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: धर्म आणि राजकारण या दोन प्रांतांत एकाचं सत्य ते दुसऱ्याला घोर चूक वाटणारच, बोलणारा अतिशयोक्ती करणार, प्रसंगी निंदाही करणार, आणि एवढ्यावरून त्याला गुन्हेगार करता येणार नाही. लक्षात घ्या, ह्या गोष्टीत मुसलमान कुठेच नाहीत. ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांना शिव्या दिल्या, त्यातून हा नियम आला.

पुढे १९६९ ला ओहायोतल्या एका कू क्लक्स क्लॅनच्या पुढाऱ्याच्या खटल्यात (ब्रँडेनबर्ग) कसोटी आणखी कडक झाली. आत्ता, इथे, लगेच दंगा घडवण्याचा हेतू असला आणि तसं घडण्याची खरोखर शक्यता असली, तरच चिथावणी म्हणून बोलण्याला शिक्षा. अपमान त्यात बसत नाही, धर्माचा असो की बापाचा.

आता डिअरबॉर्न. तुम्ही पाहिलं ते सौम्य म्हणायचं. तिथे वॉरेन अॅव्हेन्यूवर दर जूनमध्ये अरब जत्रा भरायची. २०१२ साली 'बायबल बिलीव्हर्स' नावाचा गट तिथे घुसला तो काठीवर डुकराचं मुंडकं लावून. पोरांनी बाटल्या मारल्या, दगड मारले, अंडी मारली. पोलिसांनी शेवटी कोणाला काढलं? मुंडकंवाल्यांना. म्हणाले, निघा, नाहीतर शांतताभंगाची नोटीस देतो. म्हणजे अगदी पुणे पॅटर्न. गट कोर्टात गेला. खालच्या कोर्टात हरला, अपिलात तीन न्यायाधीशांपुढेही हरला. मग २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या (म्हणजे त्याच केंद्रीय अपील कोर्टाच्या) पूर्ण पीठाने निकाल उलटा केला. पोलिसांनी जे केलं त्याला तिथे 'हेक्लर्स व्हेटो' म्हणतात, हुल्लडबाजांचा नकाराधिकार. जमाव चिडला म्हणून बोलणाऱ्याला गप्प केलं, तर उद्या ज्याला कोणाला गप्प करायचंय त्याने फक्त पुरेशी माणसं आणि पुरेसे दगड आणायचे. पोलिसांचं काम दगड थांबवण्याचं, असं कोर्टाचं म्हणणं. तुमच्या कॉफीवाल्या पोलिसाला हे प्रशिक्षणात शिकवलेलं असणार.

आपलं उलट का? त्यांची पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची, ती धर्म आणि बोलणं यांबाबत सरकारचे हात बांधते. आपली पहिली घटनादुरुस्ती १९५१ ची, तिने बोलण्यावरच्या निर्बंधांच्या कलम १९(२) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द घालून सरकारचे हात सोडवले. आणि धार्मिक भावनांचं कलम, २९५अ, जे आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय, ते तर इंग्रजांचं, १९२७ चं. लाहोरच्या एका प्रकाशकाने पैगंबरांवर पुस्तक काढलं, हायकोर्टाने त्याला सोडलं कारण तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं, गदारोळ झाला, म्हणून नवं कलम. कलम आलं १९२७ ला. त्या प्रकाशकाचा भोसकून खून झाला १९२९ ला.

एक राहिलं. 'काय बोललात' यावर तिथे बंदी नाही, पण 'किती मोठ्याने, कुठे, किती वाजता' यावर नियम करता येतात, फक्त ते सगळ्यांना सारखे हवेत. काकांचा स्पीकरचा मुद्दा त्यामुळे कायद्याने सगळ्यात भक्कम आहे!

---

त्रस्त सदाशिव

वकीलसाहेब, निकालपत्रं वाचायला छान वाटतात. मी एकच उदाहरण देतो.

फ्लोरिडात गेन्सव्हिल गावात टेरी जोन्स नावाचा पाद्री होता. चर्चला येणारी डोकी पन्नासेक. २०१० मध्ये त्याने ११ सप्टेंबरला कुराण जाळणार म्हणून जाहीर केलं. अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्याने स्वतः फोन करून नको म्हणून विनवलं. का विनवलं? कारण कायद्याने थांबवता येत नव्हतं. तेव्हा तो थांबला. मार्च २०११ मध्ये जाळलंच. १ एप्रिलला अफगाणिस्तानात मझार-ए-शरीफला जमाव संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत शिरला आणि तिथले सात जण मारले. त्यातले चार नेपाळी पहारेकरी.

त्या चार नेपाळ्यांचा ह्या पहिल्या घटनादुरुस्तीशी काय संबंध, ते कोणीतरी मला समजावून सांगा. बोलणारा फ्लोरिडात सुरक्षित आणि किंमत मोजली कोणी, तर पोटासाठी बंदूक घेऊन दारात उभा राहिलेल्याने.

ता. क. कयानीचा उल्लेख केल्याबद्दल आजींना एक गुण. श्रुसबेरी मिळाली नाही म्हणून आज माझी सकाळ वाया गेली आहे.

---

तारीख पे तारीख

@त्रस्त सदाशिव, उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच, की मारणाऱ्यांना हात होते आणि डोकंही होतं. पण हे म्हणणं त्या चौघांच्या घरी जाऊन सांगता येण्यासारखं नाही, हे कबूल.

---

गंजपेठकर

आजी, सलाम. मी मोमीनपुऱ्यातला, मराठी माध्यमात शिकलेला, सहा वर्षं डेट्रॉइटजवळ होतो, आता परत कोंढव्यात. नाव आणि गाव दोन्ही सांगितल्यावर तिथले लोक विचारायचे, 'इंडियन की मुस्लिम?' मी म्हणायचो, पुणेरी. त्यांना काही कळायचं नाही, पण विषय बदलायचा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, आम्हालाही लागू होतो. डेट्रॉइटच्या पोटात हॅमट्रॅमक नावाचं टीचभर गाव आहे, दोन चौरस मैलांचं. पूर्वी सगळं पोलिश कॅथलिक, मोटार कारखान्यातले कामगार. नंतर बांगलादेशी आणि येमेनी आले. २००४ साली तिथल्या बांगलादेशी मशिदीने अजान स्पीकरवरून देऊ द्या म्हणून अर्ज केला. काय तमाशा झाला! बाहेरच्या राज्यांतून लोक विरोधाला आले. एक साधा मुद्दा शेवटी चालला: चर्चच्या घंटा वाजतातच की. नगर परिषदेने नियम केला, सकाळी ६ ते रात्री १०. (हे आकडे ओळखीचे वाटतात ना? गणपतीतले!) विरोधकांनी मतदान घ्यायला लावलं, त्यातही कौल अजानच्या बाजूने. २०२३ मध्ये मिनियापोलिसने तर वेळेची अटही काढली, वर्षभर पाचही वेळा.

टेनेसीत मर्फ्रीसबरोला २०१० मध्ये मशिदीचं काम निघालं तेव्हा साइटवरचं यंत्र पेटवून दिलं. कोर्टात विरोधकांचे वकील उभे राहून म्हणाले, इस्लाम हा धर्मच नाही, त्यामुळे धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न येत नाही. शेवटी केंद्र सरकारच्या न्याय खात्याला लेखी सांगावं लागलं की बाबांनो, आहे, धर्म आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मशीद उघडली. तुरुंगातल्या एका मुसलमान कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवू द्यायची की नाही, हे प्रकरण आर्कान्सामधून सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१५ ला नऊ विरुद्ध शून्य, दाढी ठेवा. गंमत म्हणजे त्याच्या बाजूने लढणारी वकिलांची संस्था बेकेट, तीच आदल्या वर्षी एका कट्टर ख्रिश्चन दुकानमालकाच्या बाजूने लढून जिंकली होती. निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही दोन्ही वेळा एकच, अलिटो.

म्हणून मी त्या कायद्याला शिव्या घालणार नाही. आम्ही त्याचं खाल्लंय.

पण वकीलसाहेब ज्या सफाईने लिहितात तितकं ते सरळ नसतं. मी त्या फलकासमोरून चाललोय, मुलीचं बोट धरून. ती तेव्हा सात वर्षांची, नुकतं इंग्रजी वाचायला शिकलेली. वाचता यायला लागलेली मुलं सगळंच मोठ्याने वाचतात, दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर. तिने तो फलक वाचायला सुरुवात केली. पहिले दोन शब्द वाचले, मी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हटलं, चल, कोण आधी गाडीपाशी पोचतं. ती खांद्यावर असताना शर्यत कशी लावणार, हे तिने मला विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. कायद्याच्या पुस्तकात त्या पन्नास पावलांना नाव नाही.

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःची झाकून ठेवली. २०१५ ला त्याच हॅमट्रॅमकमध्ये परिषदेत बहुमत मुसलमानांचं झालं, अमेरिकेत पहिल्यांदा. २०२३ मध्ये तिथल्या परिषदेने समलिंगी लोकांचा झेंडा सरकारी खांबावर लावायला बंदी केली. ज्या पोलिश आणि इतर शेजाऱ्यांनी २००४ मध्ये अजानसाठी मतं दिली होती, त्यातल्या काहींना ते किती लागलं असेल. २०२५ मध्ये डिअरबॉर्नच्या सभेत एका ख्रिश्चन रहिवाशाने चौकाला दिलेल्या नावावर हरकत घेतली, तर महापौरांनी, जे मुसलमान आहेत, त्याला तोंडावर सांगितलं की तुझं इथे स्वागत नाही. माझ्या जुन्या ग्रुपवर टाळ्या वाजल्या. मी लिहिलं, अरे, हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय. मला ग्रुपमधून काढलं नाही, पण ईदच्या दावतीचं आमंत्रण दोन दिवस उशिरा आलं.

---

पंचहौदची मावशी

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी गुरुवार पेठेतली, चौथ्या पिढीची ख्रिस्ती. शाळेत मराठी शिकवायचे.

आधी एक दुरुस्ती. इथे सगळे 'अरब म्हणजे मुसलमान' असं धरून चाललेत. डेट्रॉइटच्या आसपास इराकमधून आलेले खाल्डियन कॅथलिक हजारोंनी आहेत, लेबनॉनचे मॅरोनाइट ख्रिस्ती आहेत. अमेरिकेत गेलेले सुरुवातीचे अरब तर बहुतेक ख्रिस्तीच होते. आजींनी पाव घेतला ती बेकरी कोणाची होती, विचारलंत का?

दुसरं. डुकराचं मुंडकं नाचवणाऱ्याला माझा धर्म म्हणू नका. २०१० साली त्याच जत्रेत चार ख्रिस्ती प्रचारकांना पोलिसांनी पकडलं होतं. ते नुसते बोलत आणि व्हिडिओ काढत होते. ज्यूरीने त्यांना शांतताभंगातून निर्दोष सोडलं, आणि ते मला पटतं. मुंडक्याचं कायद्याने पटतं, मनाने नाही. पत्रकं वाटणं आणि थुंकणं यांत अंतर आहे, मग कोर्टाला ते दिसो न दिसो.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे असंही समजू नका. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे जाहीर वाद चालायचे, शेकडो लोक ऐकायला. धर्माची चिरफाड व्हायची, आणि माणसं घरी जाऊन जेवायची. उलट आमच्या पंचहौदला १८९० मध्ये कोणी कोणाला काही बोललंच नाही, नुसता चहा झाला. टिळक, रानडे आणि बरीच मोठी मंडळी मिशनमध्ये व्याख्यानाला आली, चहा-बिस्किटं पुढे आली, आणि त्यावरून पुण्यात ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) उभं राहिलं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. शब्दांपेक्षा चहा महाग पडला!

तीनेक वर्षांपूर्वी २४ डिसेंबरला आमची पोरं टेम्पोत बसून कॅरल गात फिरत होती. एक गिटार, एक ढोलकी, सांताच्या टोप्या. एका सोसायटीच्या फाटकाशी चार जणांनी अडवलं. परवानगी आहे का? धर्मांतर करायला आलात का? फोन गेला, पोलीस आले. पोलीस चांगला होता बिचारा, म्हणाला, "मावशी, मला माहितीये तुमचं काही चुकलेलं नाही, पण ते जमलेत ना, तुम्ही निघा." वकीलसाहेबांनी तो जो व्हेटो सांगितला, तो वाचताना मला त्या पोलिसाचा चेहरा दिसला. ढोलकी वाजवणारा मुलगा शेजारच्या गल्लीतला मुसलमान होता, आमचा बॉबी आजारी म्हणून आलेला. तो मला म्हणाला, "मावशी, माझं नाव नका सांगू हां, नाहीतर आणखी एक कलम लागेल." आम्ही हसत हसत निघालो. घरी येऊन मी रडले.

आणि गंजपेठकर, तुमच्या यादीत एक भर. २०२५ च्या जूनमध्ये मेरीलँडच्या एका शाळा मंडळाविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टात जिंकला गेला. समलिंगी पात्रांच्या गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला आमच्या मुलांना बाहेर बसू द्या, अशी पालकांची मागणी. पहिलं नाव मुसलमान पालकाचं, त्याच्याबरोबर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स. सहा विरुद्ध तीन. मागणी बरोबर की चूक ते राहू द्या, मला स्वतःला पटलेली नाही. पण रस्त्यावर एकमेकांसमोर फलक धरणारे कोर्टात एका बाकावर बसतात, हे बघून मजा वाटली.

---

त्रस्त सदाशिव

मावशी, टेम्पोची गोष्ट वाईट वाटली. कुठली सोसायटी ते सांगू नका, माझीच निघायची.

---

सहकारनगरची आजी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! चष्मा पुसून दोनदा वाचलं. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

मावशी, चपराक बसली. बेकरीवाल्याला कधी विचारलं नव्हतं. काल लेकीला विचारायला सांगितलं. तो दक्षिण लेबनॉनचा शिया, आणि भट्टीवर कणिक मळणारा त्याचा भागीदार मॅरोनाइट. वीस वर्षं एकत्र धंदा. लेकीने विचारलं, भांडण होत नाही का? म्हणे रोज होतं, झातरमध्ये (तोच तो हिरवा मसाला) तीळ किती घालायचे यावरून.

गंजपेठकर, तुमची पन्नास पावलं डोक्यातून जात नाहीत. माझी नातही सातच वर्षांची आहे, आणि त्या दिवशी मागच्या सीटवर होती. तिने फलक वाचला का, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारू की नको?

आमच्या इमारतीतल्या मुलाबद्दल माझं मत निम्मं बदललं आहे. त्याने लिहिलं ते घाणेरडंच होतं. पण त्या रात्री चौकीसमोर जमलेल्या चाळिसांतल्या एकाचंही नाव कोणी लिहून घेतलं नव्हतं, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. निम्मं अशासाठी, की ती माणसं पांगली नसती तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काचा गेल्या असत्या, आणि वकीलसाहेबांचं पूर्ण पीठ काही आमच्या जिन्यात येऊन उभं राहिलं नसतं.

एक सांगायचं राहिलं होतं. आम्ही काच वर करून लगेच निघालो नाही, पुढे सिग्नल लाल होता. तेवढ्यात मशिदीतून एक म्हातारी आली, काळा झगा, हातात पिशवी. सरळ त्या पोरापाशी गेली आणि पोलिसादेखत त्याचा कान पिळला. मग फलकवाल्याकडे वळली, बोट नाचवत दोन-तीन वाक्यं बोलली, अरबीत. त्याला एक अक्षर कळलं नसणार. पण तेवढा वेळ तो गप्प होता, माईकवर हात ठेवून, शाळेत बाईंसमोर उभा राहावा तसा. ती वळली, त्याने हात काढला, पुन्हा सुरू. पोलिसाने पोराला सोडलं का ते दिसलं नाही, सिग्नल सुटला.

आज सकाळी लेकीचा मेसेज आला. माणूस अजून येतो, फलकाला नवी दांडी लावली आहे, ॲल्युमिनियमची. पण स्पीकर गेला. कोणीतरी तक्रार केली, पोलिसांनी आवाज मोजला, जास्त भरला, बंद करायला लावला. आता नुसताच घशाने ओरडतो आणि वाऱ्याच्या दिवशी रस्त्यापलीकडे काही पोचत नाही.

ह्यांनी तरुणपणी पेठेतल्या मंडळाचे स्पीकर दहा वर्षं लावलेत. तेव्हा मेसेज वाचून दाखवल्यापासून मान ताठ करून बसलेत. "मी गाडीतच म्हटलं होतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. कोणी माझं ऐकेल तर ना."